निळ्या गाडीचं मागचं दार

गाडी तयार झाली की मालक तिच्याभोवती एक फेरी मारतो. त्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. तोंडाने माणसं 'छान, छान' म्हणतात. पाय मात्र जिथे खटकतं तिथे थांबतात. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी छत्तीस वर्षं गाड्या रंगवल्या. दात पडले, चष्म्याचा नंबर चारदा बदलला, पण मालकाची ती फेरी सुरू झाली की पोटात गोळा यायचा तो शेवटपर्यंत आला. ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याला गाडी देऊ नका, असं मी आजही ओळखीच्यांना सांगतो.

लोकांना वाटतं, ओरखडा गेला म्हणजे रंग गेला. तसं नसतं. पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. गाडीची सगळी चमक त्या क्लिअरची. ओरखडा तेवढ्यातच असेल तर घासून निघतो. त्याच्या खाली उतरला असेल तर घासून काही होत नाही, अख्खं दार नव्याने रंगवावं लागतं, कारण मधेच ठिगळ लावलं तर सावलीत दिसत नाही पण उन्हात बोंबलतं. एवढंच शास्त्र. बाकी सगळी हाताची सवय आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव.

स्वभावांची तर जत्राच पाहिली. बाळकुमकडचे एक शेठ नव्या कोऱ्या पांढऱ्या गाडीवर आईने पूजेत काढलेला कुंकवाचा स्वस्तिक नऊ दिवस पुसायला तयार नव्हते. आई नको म्हणाली होती. उन्हात ते कुंकू क्लिअरमध्ये मुरलं आणि बॉनेटवर कायमचा गुलाबी डाग बसला. डाग काढा, पण स्वस्तिक पुसला हे आईला कळता कामा नये, असा हुकूम. मी बॉनेट रंगवलं, वाळल्यावर त्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं आणि आजींना बोलावून त्यावर नवा स्वस्तिक काढून घेतला. आजींनी मला पेढा दिला. अशा गोष्टी सांगायला मला आवडतात, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनाही अशाच हव्या होत्या. पण लिहायला बसलो तेव्हा हात पुन्हा पुन्हा दुसऱ्याच गाडीकडे जायला लागला, तेव्हा तीच सांगतो.

वर्तकनगरला एक बाई राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांना बाईच म्हणतो, सगळी सोसायटी बाईच म्हणते. त्यांची गाडी गडद निळी, बारा-तेरा वर्षांची. यजमानांनी हौसेने रंग निवडून घेतली आणि सहा महिन्यांत ते गेले. बाई त्यानंतर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, गाडी शिकल्या. गाडी विकून टाका म्हणणाऱ्या भावाशी त्या वर्षभर बोलल्या नव्हत्या. दर वर्षी एकदा माझ्याकडे घासून-पॉलिश करायला आणायच्या आणि न्यायला आल्या की पेपर तपासावा तशी गाडी तपासायच्या. त्यांचे पाय माझ्याकडे कधी थांबले नव्हते. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंना दुसऱ्या दिवशी पहाटे नणंदेच्या पंच्याहत्तरीला नाशिकला निघायचं होतं. संध्याकाळी पाचला गाडी न्यायला येणार होत्या. मशीनचं काम झालं होतं, मी शेवटचा हात फिरवत होतो. आमच्या धंद्यात गाडीला हात लावणाऱ्याने अंगठी, घड्याळ, कडं, पट्ट्याचं बक्कल काही घालायचं नाही, हा पहिला धडा. पण त्याच महिन्यात मुलीचं लग्न झालं होतं, व्याह्यांनी बोटात अंगठी घातली होती आणि बोट सुजल्यामुळे ती निघत नव्हती. मी तिच्यावर मास्किंग टेप गुंडाळून काम करत होतो. साबण लावून पाहू, दोरा गुंडाळून पाहू, असं रोज म्हणायचो. टेप आहे ना, मग झालं. पाण्याने टेप मऊ पडते आणि सरकते, हे मी स्वतः किती जणांना शिकवलं असेल.

डाव्या बाजूच्या मागच्या दारावर हात फिरवताना बारीक आवाज आला. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. हात उचलला तर दारावर वीतभर लांबीचा, कमानीसारखा वळलेला ओरखडा. अंगठीच्या खड्याला धरणारे दोन दात असतात ना, त्यांच्यामुळे सुरुवातीला बोटभर दोन रेघा, पुढे त्यांची एक झालेली. क्लिअर फाडून खाली रंगात गेलेला.

चार वाजले होते. दार रंगवायचं तर दोन दिवस हवेत.

माझा भागीदार रफिकभाई डेंटर. पत्रा सरळ करायचं काम त्याचं, रंगाचं माझं. त्याने दार पाहिलं, माझं बोट पाहिलं आणि म्हणाला, "बाईला फोन लाव. आत्ता लाव. चिडेल, टॅक्सीने जाईल, दोन दिवसांत विसरेल." मी फोन हातात घेतला होता. पण डोळ्यांसमोर बाईंचा चेहरा आला आणि त्याहीपेक्षा, दहा वर्षांत त्यांचे पाय कधी थांबले नाहीत हे आठवलं. मी फोन खिशात ठेवला आणि फळीवरून ग्लेजचा डबा काढला.

ग्लेज म्हणजे दाट, तेलकट पॉलिश. ओरखड्यात जाऊन बसतं आणि उजेड त्यावरून सरळ घसरतो, त्यामुळे ओरखडा दिसेनासा होतो. जुन्या गाड्या विकणाऱ्यांचा हा आवडता मेकअप. पाच-सहा वेळा गाडी धुतली की उतरतो. मी कधी वापरत नसे, वापरणाऱ्यांना नावं ठेवायचो. त्या दिवशी तीन हात दिले. मनाशी ठरवलं, बाई नाशिकहून आल्या की काहीतरी निमित्त काढून गाडी बोलवायची आणि दार नीट रंगवून द्यायचं, फुकट.

पाच वाजता बाई आल्या. फेरी मारली. मागच्या दारापाशी त्यांचे पाय आले. पाय पुढे गेले. "सुर्वे, तुमच्या हाताला तोड नाही," असं म्हणून त्या गेल्या. रफिकभाईने हातोडी पेटीत टाकली आणि वेळेआधीच घरी गेला.

अंगठी मी दुसऱ्याच दिवशी सोनाराकडून कापून घेतली. बाईंना फोन करायचा मात्र राहिला. आज करू, उद्या करू. लाज वाटली की माणूस कामात असल्याचं सोंग घेतो, तसं मी घेतलं. महिना असाच गेला.

मग बाईंचाच फोन आला. कुणीतरी गाडीला ओरखडा पाडलाय म्हणाल्या, आणि तासाभरात गाडी घेऊन गाळ्यात हजर. मी दाराकडे गेलो तेव्हा मला पाहायची गरजच नव्हती. आधी दोन रेघा, मग एक. ग्लेज धुऊन गेलं होतं, आणि रेघेच्या तळाशी पॉलिशची पांढरी भुकटी सुकून बसली होती.

ओरखडा कुणी पाडला हे बाईंनी शोधून काढलं होतं. त्यांच्या सोसायटीत गाड्या पुसायला मोरेश्वर नावाचा माणूस येतो. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा होडी विकून बादली-फडकं घेतलं. चौदा वर्षं तिथल्या बावीस गाड्या तो रोज सकाळी पुसत होता. त्याच्याशिवाय गाडीला कुणी हात लावत नाही, म्हणून ओरखडा त्याचाच. आणि सांगितला नाही, लपवला, याचं बाईंना जास्त दुःख. लपवणाऱ्या मुलाला मी वर्गात कधी क्षमा केली नाही, असं त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून दारावर बोट फिरवत राहिलो.

रविवारी कमिटीची बैठक होती. मोरेश्वरला गेटच्या आत घ्यायचं की नाही, हे तिथे ठरणार होतं. तिथून काढला की शेजारच्या सोसायट्याही घेणार नाहीत, अशा बातम्या वॉचमनमार्फत पसरतात. मोरेश्वर 'मी नाही' म्हणत होता, तेव्हा बाईंना माझ्याकडून दोन ओळी हव्या होत्या.

"तुम्ही यातले जाणकार आहात, सुर्वे. हा ओरखडा कशाने पडला तेवढं लिहून द्या. मला अंदाजाने कुणावर अन्याय करायचा नाही."

तिथेच बोलायला हवं होतं. रफिकभाई हातोडी खाली ठेवून उभा होता. मी म्हणालो, लिहून कशाला, रविवारी मीच येतो. बाईंना भरून आलं. आजकाल इतका त्रास कोण घेतं, म्हणाल्या. त्या गेल्यावर रफिकभाईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण याहून वाईट पुढेच होतं. गुरुवारी दुपारी गाळ्याच्या दारात एक माणूस उभा. हातात पिशवी. त्याला मी ओळखत नव्हतो. त्यानेच नाव सांगितलं, मोरेश्वर. बाईंकडून माझा पत्ता कळला होता. त्याने पिशवीतून फडकी काढून माझ्या बाकावर मांडली. सात फडकी, सगळी धुऊन, घडी घालून आणलेली.

"पेंटरदादा, तुमी बगून सांगा," तो म्हणाला. "या फडक्यानं तसा ओरखडा परंल का? मना खरा काय ता सांगा. मी बाईंशी भांडाया नाय आलो. माजा हात असंल तर मना कळाया पायजे."

मी एकेक फडकं उलगडलं. उजेडात धरलं. त्यात बटण नव्हतं, शिवण नव्हती, वाळूचा कणही नव्हता. इतकी स्वच्छ फडकी माझ्या गाळ्यात नव्हती. तो माझ्या बोटांकडे टक लावून पाहत होता. सातवं फडकं खाली ठेवलं तेव्हा मला काहीतरी बोलणं भाग होतं.

मी म्हणालो, "फडक्यात खडा अडकला असेल तर होऊ शकतं."

वाक्य खोटं नाही. कुठल्याही पेंटरला विचारा, खडा अडकला तर होऊ शकतं. मी आयुष्यात खूप खोटं बोललोय, गिऱ्हाइकाला परवा देतो म्हणून आठवड्याने गाड्या दिल्यात, पण त्या एका खऱ्या वाक्याइतकं नीच काही बोललो नाही. मोरेश्वरने मान हलवली. फडकी पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली आणि आभार मानून गेला.

शुक्रवार-शनिवार मला अन्न गोड लागलं नाही. डोंबिवलीला घरी बायकोने दोनदा विचारलं, मी पित्तावर ढकललं. मुलीचा फोन आला, अंगठी का कापली म्हणून सासरी विचारतात म्हणाली, तिच्यावरही ओरडलो. शनिवारी मनाशी नक्की केलं की सगळं सांगायचं. रविवारी ठाण्याला उतरेपर्यंत ते अर्ध्यावर आलं होतं. 'नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हणू. संशयाचा फायदा त्याला मिळेल, माझंही नाव राहील. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही, असा माझा हिशोब होता.

सोसायटीच्या ऑफिसात सात-आठ माणसं होती. बाई पहिल्या खुर्चीत. मोरेश्वर भिंतीला टेकून उभा. सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले की तुम्हाला उगाच तसदी पडली, प्रकरण मिटलं. मोरेश्वरने कालच कबूल केलं, माफीनामाही लिहून दिला. इतकी वर्षं केलेल्या कामाकडे बघून कमिटी त्याला ठेवतेय. रजिस्टर उघडंच होतं, त्यात तो कागद चिकटवलेला मला दिसत होता. खाली अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरांत सही.

सुटलो. पहिला विचार हाच आला, तो लपवत नाही. माणूस कामावर राहिला, बाईंचं समाधान झालं, मी एक शब्दही खोटा न बोलता घरी जाणार. मी उठूही लागलो होतो. सेक्रेटरींनी चहा मागवला होता, म्हणून बसलो. त्या चहाने माझा घात केला म्हणायचा की मला वाचवलं, अजून ठरवता आलेलं नाही.

चहा येईपर्यंत बाई मोरेश्वरकडे वळल्या. पहिल्याच दिवशी कबूल केलं असतंस तर एवढं वाढलं असतं का, इतके दिवस 'मी नाही' असं का म्हणत होतास, असं त्यांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, शाळेतला होता.

मोरेश्वर म्हणाला, "बाई, मना ठावंच नवता. मी रोज आठवून बगायचो, कवा लागला, कवा लागला. मंग पेंटरदादांकडं गेलो. ते बोलले, खडा असंल तर होतो. येवढा जाणता मानूस बोलतो म्हनजे असंल. माजाच हात."

आणि त्याने हात पुढे केला, उलटा-सुलटा करून पाहिला. नखं मुळापासून कापलेली होती, दोन बोटांवर रक्त सुकलं होतं. खडा नसेल तर नख असेल, असं त्याला वाटलं असणार. माझ्या अंगठीचा ओरखडा तो माणूस दहा दिवस स्वतःच्या बोटांत शोधत होता.

मग मी बोललो. काय क्रमाने बोललो आठवत नाही. अंगठी, टेप, ग्लेज, सगळं. रेघेच्या तळाशी पांढरी भुकटी आहे, ती पॉलिशची आहे, ती फडक्याने येत नाही, हेही सांगितलं. गुरुवारी फडकी पाहिली तेव्हाच तो निर्दोष आहे हे मला माहीत होतं, असंही म्हणालो. चहावाला चहा ठेवून गेला. कपाला कुणी हात लावला नाही.

सेक्रेटरी गोंधळले. चिकटवलेला माफीनामा रजिस्टरमधून काढता येत नाही म्हणाले. मग माझ्याकडून दुसरा कागद लिहून घेतला आणि त्याच्याखाली चिकटवला. सोसायटीच्या दप्तरात आम्ही दोघे एकाच पानावर आहोत.

बाई उठल्या. मोरेश्वरसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. तो इतका घाबरला की मागे सरकताना खुर्ची पडली. माझ्याकडे वळल्या तेव्हा डोळे कोरडे होते. "दार रंगवून द्या," एवढंच म्हणाल्या. "तुमच्या हातांवर माझा विश्वास आहे. तुमच्यावर राहिला नाही."

दार मी रंगवलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. निळ्या रंगात धातूचा कण असतो, त्याची मात्रा एक थेंब चुकली तर दार वेगळं दिसतं. मी तो रंग अकरा वेळा पत्र्याच्या पट्टीवर मारून पाहिला, सकाळच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या उजेडात. बाईंनी गाडी न्यायला भाच्याला पाठवलं. त्याने फेरी मारली नाही, आणि त्यानंतर गाडी माझ्याकडे आली नाही. पुढच्याच वर्षी मी माझा हिस्सा रफिकभाईच्या पुतण्याला देऊन काम थांबवलं. वय झालं होतं, असं सगळ्यांना सांगतो.

मोरेश्वर अजून तिथेच आहे. माझी चुलत बहीण त्याच गल्लीत राहते, त्यामुळे सकाळचं जाणं होतं तेव्हा दिसतो. मी हाक मारली तर हसतो, कसे आहात विचारतो, मनात काही ठेवलेलं नाही. एकवीस गाड्या पुसतो. बाईंनी स्वतः जाऊन, दोनदा, गाडी पुन्हा पुसायला घे म्हणून विनवलं. तो नाही म्हणाला. आता त्या स्वतःच पुसतात, सत्तरी उलटल्यावर, बादली अर्धीच भरून.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा पार्किंगमध्ये निळी गाडी उन्हात उभी होती. दार इतकं स्वच्छ की कुठे काय झालं होतं ते मलाही सापडेना. मोरेश्वर पलीकडच्या गाडीकडे निघाला होता. मधली वाट अरुंद आहे, निळ्या गाडीला खेटूनच जावं लागतं, नाहीतर सगळ्या रांगेला वळसा पडतो. त्याने बादली खाली ठेवली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, अंग चोरून त्या दाराजवळून पलीकडे गेला, आणि मग रांगेला वळसा घालून येऊन बादली उचलली आणि त्याच लांबच्या वाटेने नेली.